कड्यावरचा समुद्री रॉड

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आहुप्याच्या कड्यावर उभं राहून, जिथे ढग पायाखालून चालत जातात, तिथून मी थेट समुद्रातला मासा वर ओढून काढलेला आहे. एकच मासा. पण अख्खं गाव बघत होतं. कुणालाही जाऊन विचारा. फक्त वैजयंतीला विचारू नका.

मी एक जुना रॉड आहे. मासे धरायचा, आणि तोही खाऱ्या पाण्याचा. सात वर्षांचा रॉड काही म्हातारा म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण समुद्रासाठी जन्मलेला जीव डोंगरात चुलीच्या धुरात टांगला गेला की एकेक वर्ष दहा दहा वर्षांचं होतं. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. ती अक्षरं आता पुसली गेली आहेत. म्हणून मी कधी जपान सांगतो, कधी जर्मनी. माझ्या पोटाशी एक रीळ बसवलेलं आहे. दोरा ताणला गेला की ते कर्र करतं. मी थोडं वाढवून सांगू लागलो तरी करतं. तिकडे लक्ष देऊ नका.

माझे पहिले दिवस अलिबागेतल्या एका दुकानात गेले. भिंतीला टेकून आम्ही पंधरा-वीस भाऊबंद उभे असायचो. दाराबाहेर समुद्राचा वारा, आत रबराचा आणि मेणाचा वास. आमच्यातला रोज कुणी ना कुणी गिऱ्हाइकाबरोबर समुद्राकडे जायचा. आपणही आज ना उद्या जाणार, या खात्रीवर मी ताठ उभा असायचो.

एके दुपारी पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली. जवळच्या दवाखान्यात नर्स होती. हीच वैजयंती.

"कुठून टाकणार, ताई?" दुकानदारानं विचारलं. "खडकावरून, जेट्टीवरून की होडीतून?"

"डोंगरावरून."

दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला.

"माझ्या आजासाठी हवाय. आंबेगाव तालुक्यात, आहुप्याला असतो तो. घाटमाथ्यावर."

"मग तिथं ओढा असेल, धरण असेल. त्याला हा गडी कशाला? गोड्या पाण्यातला हलका रॉड देतो, निम्म्या पैशात येईल. हा मोठ्या माशांचा. रिंगा न गंजणाऱ्या, रीळ बंदिस्त, दोरा जाड. हा डोंगरात नेणं म्हणजे होडी नेऊन माळावर ठेवणं."

"नाही. समुद्राचाच हवा. आजा समुद्रात मासे धरायचा."

"असं? आहुप्याहून येऊन? कधी धरायचा?"

"दर बाजारच्या दिवशी," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला तेव्हा कळलं नाही. दुकानदारालाही कळलं नसावं. त्यानं मान हलवली आणि आम्हाला एकेक करून तिच्या हातात द्यायला सुरुवात केली.

भेटवस्तू घ्यायला येणारी पुष्कळ माणसं मी पाहिली होती. कुणी रंग बघायचं, कुणी खोका. वैजयंतीनं डोळे मिटले. प्रत्येक रॉडची मूठ ती हातात घ्यायची, दाबायची आणि खाली ठेवायची. माझी मूठ हातात आल्यावर ती थांबली.

"आजाच्या कोयत्याची मूठ एवढीच आहे," ती म्हणाली. "हाच द्या. आणि तो डावखुरा आहे. रिळाची फिरवायची मूठ दुसऱ्या बाजूला लावून द्या."

दुकानदारानं ती बदलून दिली. देताना त्यानं बजावलं, "खाऱ्या पाण्यातून आणला की लगेच गोड्या पाण्यानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. अंगावर राहिलेलं मीठ कुणाचं ऐकत नाही."

मला भारी वाटलं. जगात एका माणसाच्या हाताला बसेल असा मी तयार झालो होतो. तो माणूस कसा असेल, कुठल्या लाटेसमोर उभा राहत असेल, याचा विचार करत मी लांबलचक नळकांड्यात शिरलो.

नळकांडं पुण्याला आलं, मंचरला आलं, घोडेगावला आलं. तिथून आहुप्याच्या मुक्कामी एसटीत मी बाकांमधल्या वाटेत आडवा पडलो. येणारा-जाणारा मला ओलांडत होता. एक बाई म्हणाली पडद्याचा दांडा आहे, कंडक्टर म्हणाला नळाचा पाइप आहे. गाडी वळणावळणानं वरच चढत होती. मी वाट बघत होतो की आता उतार लागेल, आता समुद्र येईल. गाडी थांबली तेव्हा बाहेर भाताची खाचरं होती, देवराईतली काळीभोर झाडं होती, आणि वारा अगदी कोरडा होता. मीठ कुठेच नव्हतं.

भागू आजा अंगणात हिरडा वाळत घालत होता. सत्तरीकडे झुकलेला, काटक, डोक्याला मुंडासं. त्यानं नळकांडं उघडलं. आजी गोजरबाई चुलीपासून उठून आली.

"ही कशाची काठी गं? झेंड्याची?"

"आजी, मासं धरायचा रॉड हाय," वैजयंती म्हणाली. गावात आली की तिची बोली गावाची व्हायची. "साधा न्हाई, समुद्राचा. आजा समुद्रात गळ टाकायचा ना, मी लहान व्हते तवा? म्हनून त्याच्यासाठी आणला."

भागूनं मला डाव्या हातात घेतलं. मूठ अशी बसली, जणू मी त्याच्याच हाताला फुटलो होतो. पण मित्रांनो, त्याच क्षणी तो तळहात घामानं भिजला. ही गोष्ट फक्त मला कळली.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "असाच व्हता माझा. जरा... जरा आखूड व्हता."

"मे महिन्यात सुटी काढते. तुला न्यायला येते," वैजयंती म्हणाली. "मला एक मासा धरून दाखवायचा. कबूल?"

"कबूल म्हंजी काय! एक कशाला, पाटीभर धरू की."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती पुन्हा चुलीकडे गेली.

खरी हकिकत मला तिच्याकडूनच समजली. म्हाताऱ्या बायका वस्तूंशी बोलतात. माझ्यावर मिरच्यांची माळ अडकवताना, गोधडी वाळत घालताना ती बोलत राहायची. वैजयंती लहान असताना तिचे आईबाप दिवाळी झाली की खाली मिठागरांवर कामाला जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. पोर आजा-आजीपाशी राहायची. संध्याकाळ झाली की रडायची, जेवायची नाही. मग भागू तिला खांद्यावर घेऊन कड्यावर जायचा आणि लांब धुरकटात कुठेतरी काही चमकायचं तिकडे बोट करायचा.

"त्यो बघ समुद्र. तिथं तुझी आय हाय."

ती चमक समुद्राची नव्हतीच. खालच्या एखाद्या तळ्याची असेल, नाहीतर पत्र्याच्या छपराची. पण पोर गप्प व्हायची. एक दिवस तिनं विचारलं, तू गेलायस का तिथं? भागू म्हणाला, दर आठवड्याला जातो की! घाटानं खाली उतरतो, समुद्रात गळ टाकतो, मासा धरतो, तुझ्या आयला भेटतो आणि दिवेलागणीला परत. पोरगी म्हणाली, मग मासा दाखव.

झालं. बाजारच्या दिवशी भागू पहाटेच्या एसटीनं घोडेगावला गेला. बाजारात धोंडाबाई नावाची एक बाई सुकी मासळी घेऊन बसायची. तिच्या पाटीतला एक खारा बांगडा त्यानं घेतला, केळीच्या सोपटात गुंडाळला आणि संध्याकाळी नातीच्या हातात ठेवला. "तुझ्या आयनं वाळवून दिलाय," म्हणाला. त्या रात्री पोर दोन भाकरी जेवली. मग दर बाजारी एक बांगडा येऊ लागला.

"तोंडानं समुद्र आणला यांनी," गोजरबाई मला सांगायची. "आनि पाय कदी घोडेगावच्या म्होरं गेला न्हाई. आता ही तुला घेऊन आली. पोरीला कळलं तर काय वाटंल रे तिला?"

भागूलाही हीच भीती होती. पाण्याची नाही, माशाची नाही. नात शिकली, नर्स झाली, समुद्राकाठी राहायला गेली. आपण ज्या बोटानं तिला समुद्र दाखवला ते बोट खोटं होतं, हे तिला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि मी खुंटीला टांगलेला, साडेआठ फुटी, चकचकीत, रोज त्याला त्याचीच आठवण करून देत होतो.

त्यानं मग एक युक्ती काढली. लोक म्हणायचे, भागूभाऊ, आना की ती काठी ओढ्यावर, डिंभ्याच्या धरणावर जाऊ, मरळ धरू. भागू गंभीर तोंड करून सांगायचा, "खाऱ्या पान्याची हाय. गोड्या पान्यात बुडवली की तिचं तेज जातं." साऱ्या गावानं ते खरं मानलं. काही दिवसांनी मीही मानलं.

पण नुसतं टांगून ठेवायला डोंगरातल्या माणसाला जमत नाही. माझ्या शेंड्यानं बाळहिरडा झोडला गेला. भात पोटरीला आलं की माझ्या रिंगांना फाटका सदरा बांधून मला बांधावर उभं केलं जायचं. पाखरांना वाटायचं माणूस आहे, आणि मला वाटायचं समोर हिरवी लाट आहे. एकदा हौशीरामनं, म्हणजे शेजारच्या घरातल्या आगाऊ म्हाताऱ्यानं, मला परस्पर नेऊन माझ्या टोकाला गांडुळं बांधली आणि ओढ्यातल्या दगडांखालून खेकडे काढले. रिळाची मूठ उलट्या बाजूला, त्यामुळे त्याचे हात गुंतले आणि तो पाण्यात बसला. मला फार बरं वाटलं.

पहिल्या वर्षीचा मे महिना आला. वैजयंती आली. भागूची कंबर धरली. दुसऱ्या वर्षी राब भाजायचा राहिला होता, आणि राब भाजल्याशिवाय पेरणी कशी होणार? त्यापुढच्या वर्षी शेळी व्यायला झाली होती, ती भागूशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती म्हणे. शेळी आपली मजेत पाला खात होती. वैजयंती दर वेळी म्हणायची, "असू दे आजा, पुढल्या वर्षी." ती कधी रागावली नाही. जाताना माझ्या मुठीवरची धूळ पुसायची आणि जायची.

त्या दिवसांत भागूनं चोरून सराव मात्र केला. गोजरबाई पाण्याला गेली की तो घागरीत मूठभर मीठ टाकायचा, ढवळायचा, आणि माझा गळ त्यात सोडून समोर पाटावर बसायचा. डोळे बारीक करून. कधी कधी नुसतं बोट बुडवून जिभेला लावायचा. त्याला बघायचं होतं, समुद्र म्हणजे काय लागतो ते. एक दिवस गोजरबाई मध्येच परतली. हौशीरामही मागे मागे आला होता.

"अवो, घागरीत काय मासं घावत्यात व्हय? किलोभर मीठ घालवलं माझं!"

"काठीची सवय मोडू न्हाई म्हनून. तुला काय कळतंय?"

"भागूभाऊ," हौशीराम म्हणाला, "भरती आली की आवाज द्या. आमी बी येऊ आंघोळीला."

गावभर झालं. आठवडाभर भागू पारावर गेला नाही.

असं करत करत सातव्या वर्षीचा मे उजाडला. त्या वर्षी वैजयंतीचा फोन आला. तिला सरकारी नोकरी लागली होती, जुन्नर तालुक्यात, आण्याच्या आरोग्य केंद्रात. अलिबागची खोली ती महिनाअखेरीला सोडणार होती. आणे म्हणजे पूर्वेचं कोरडं पठार. तिथून समुद्र सोडा, भरलेली विहीर दिसली तरी लोक थांबून बघतात.

"आजा, आता शेवटचंच," ती म्हणाली. "परत माझं समुद्राकडं घर नसंल."

भागू बराच वेळ फोन कानाला धरून बसला. त्यानं शेळीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती. त्यानं कमरेला हात लावला. कंबर ठणठणीत होती. तेवढ्यात गोजरबाईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"येतो गं आमी. दोघं बी येतो. रॉड बी आणतो." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मला तरी बघू द्या. तुमी दर आठवड्याला जात व्हता, मला एकदा बी न्हेलं न्हाई."

मित्रांनो, सात वर्षांनी मी पुन्हा खाऱ्या वाऱ्यात आलो. माझ्या रिंगांमधून तो शिटी वाजवत गेला आणि माझ्या सगळ्या सांध्यांत कळ आली. समोर समुद्र होता. खडकाला पाणी चांगलं वरपर्यंत लागलं होतं. भागू उभाच राहिला. मुंडाशाचं टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

गोजरबाईनं कपाळावर आडवा हात धरला. "पल्याडचं गाव कोन्तं गं?"

"पल्याड गाव न्हाई, आजी."

"न्हाईच मुळी!" भागू घाईघाईनं म्हणाला. "मी सांगितलं न्हवतं का? गाव न्हाई म्हनून."

मग त्यानं गळाला आमिष लावलं आणि मला डाव्या खांद्यामागे नेलं. इथे मात्र मी काही वाढवून सांगत नाही. तो उत्तम मासेमार होता. ओढ्याच्या, धरणाच्या पाण्यात पन्नास वर्षं गळ टाकलेला हात होता तो. दोरा सुटला तो सुटलाच. रीळ आयुष्यात पहिल्यांदा मनापासून ओरडलं. गळ लाटांच्या मागे पडला. भागू खडकावर बसला. वैजयंती आणि गोजरबाई त्याच्या शेजारी बसल्या.

मासा लागला नाही. ऊन चढलं. भागू पुनःपुन्हा खडकाच्या पायथ्याकडे बघू लागला. तो काय बघतोय ते मला कळेना. मग दिसलं. पाणी मागे चाललं होतं. मघाशी जिथे लाट फुटत होती तिथे आता ओलं वाळूचं पात्र होतं, आणि दोन बाया तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला उतरल्या होत्या. डिंभ्याचं पाणी दिवाळीपासून मेपर्यंत हळूहळू उतरताना त्यानं पाहिलं होतं. पण अर्ध्या दिवसात एवढं?

आणि मित्रांनो, त्याच्या तोंडून सहज निघून गेलं.

"आगं, कुनी पानी सोडलं? कालव्याला आवर्तन दिलं वाटतं."

तिसऱ्या वेचणाऱ्या बायांनी वर पाहिलं. एकीला हसू आवरेना. भागूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं. माझी मूठ त्यानं अशी आवळली की मला वाटलं मी मोडतो. सात वर्षं टाळलेली गोष्ट एका वाक्यात उघडी पडली होती. तो नातीकडे बघेना.

वैजयंती समुद्राकडेच बघत होती. ती म्हणाली, "खालच्या गावांचं आवर्तन असंल, आजा. संध्याकाळपर्यंत परत भरत्याल."

बस. एवढंच. भागूनं श्वास सोडला तो माझ्या शेंड्यापर्यंत आला. तिनं खरंच तसं समजून म्हटलं, की त्याला झाकून घेतलं, हे त्याला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

थोड्या वेळानं तो एकटा खाली उतरला. मला हातात घेऊन ओल्या वाळूवरून पाण्यापर्यंत गेला. वाकून त्यानं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"घागरीपरीस खारं हाय," तो मला म्हणाला. मग लांब डावीकडे, जिथे किनारा धूसर होत गेला होता, तिकडे बघत राहिला. तिकडे कुठेतरी मिठागरं होती, वैजयंतीचे आईबाप राबायचे ती. "हितं उनात उभी राहायची व्हय रं दोघं?" तो पुटपुटला. मी त्याला उत्तर देऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.

आम्ही रिकाम्या हातानं आहुप्याला परतलो.

आता तुम्हाला वाटेल, एवढी मोठी फेरी झाली, माझे दिवस पालटले असतील. पालटले, पण वाईटाकडे. भागूनं मला धुवू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे खारं. पुरावा हाय," म्हणाला. पारावर नेऊन तो मला प्रत्येकासमोर धरायचा आणि म्हणायचा, चाटून बघा. आहुप्यातल्या सात-आठ थोर माणसांनी मला चाटलेलं आहे. हौशीरामनं दोनदा चाटलं, विचार केला आणि म्हणाला,

"खारट हाय खरं. पर ही तर घागरीची चव!"

सगळा पार हसला. "मासा दावा, भागूभाऊ, मासा! समुद्रावर जाऊन आला म्हन्ता, एक शेपटी तरी दावा."

इकडे माझ्यावर मिठाचे पांढरे डाग धरले. रीळ आधी कुरकुरलं, मग अडलं, मग बंदच पडलं. सात वर्षं धुरात राहून जे बिघडलं नाही ते पंधरा दिवसांच्या मिठानं बिघडवलं.

मित्रांनो, इथे मला हात जोडून एक सांगायचं आहे. मला हात नाहीत, पण समजून घ्या. आमच्यासारख्यांना काम जड होत नाही. काम झाल्यावर कुणी विचारपूस केली नाही, की आम्ही संपतो. एक तांब्या गोडं पाणी, एक फडकं, थोडी सावली, बस. आणि दुसरं. कुणाला भेट द्यायची असेल तर खोक्याकडे नंतर बघा. आधी डोळे मिटून त्या माणसाचा हात आठवा. तो डावखुरा आहे का, एवढं तरी आठवा.

वैजयंती आण्याला रुजू होण्याआधी चार दिवस घरी आली. माझी अवस्था बघून तिनं मला अंगणात नेलं. कळशीभर पाण्यानं धुतलं, रिंगा एकेक करून पुसल्या, रीळ उघडून आतलं मीठ काढलं आणि गोजरबाईच्या बुधल्यातलं तेल दोन थेंब सोडलं. रीळ फिरलं.

"पुरावा धुतलास की गं माझा!" भागू ओट्यावरून ओरडला.

"दुसरा आण की मग," ती म्हणाली.

भागूच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तसं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण गोजरबाईनं पाहिलं असावं, पंधरा-वीस वर्षांपूर्वी. कारण ती लगेच म्हणाली, "अवो, आता काय काढलं?"

दुसरा दिवस घोडेगावच्या बाजाराचा होता. भागू पहाटेच्या एसटीनं कशाला गेला, ते मी सांगणार नाही. दुपारी परत आल्यावर तो मला घेऊन कड्याच्या कडेखालच्या करवंदीच्या जाळीपाशी कशाला गेला, तेही विचारू नका. संध्याकाळी त्यानं सारं गाव कड्यावर बोलावलं, एवढं खरं.

आणि आता, मित्रांनो, मी सुरुवातीला बोललो होतो तो मासा.

ऊन उतरलं होतं. समोर गोरखगड, मच्छिंद्रगड, पलीकडे नुसतं धुरकट. गाव अर्धगोल करून बसलं होतं. हौशीराम सगळ्यांत पुढे. भागूनं मुंडासं नीट केलं, मला डाव्या खांद्यामागे नेलं आणि असा झटका दिला की वाऱ्याची दिशा बदलली. दोरा निघाला. खोपिवलीवरून गेला, मुरबाडवरून गेला, खाडी ओलांडली, रीळ लालबुंद होऊन धुमसू लागलं, आणि शेवटी लांबवर, अगदी लांबवर, डुबुक असा आवाज झाला. मी ऐकला. तुम्ही नसाल ऐकला तर तो तुमच्या कानांचा दोष.

"गप बसा सारी," भागू म्हणाला. "मासं भितं."

मग ओढ बसली. माझा शेंडा वाकला. एवढा वाकला की माझं टोक माझ्याच मुठीला शिवलं. भागूनं टाचा रोवल्या. रीळ फिरू लागलं, एक गिरकी, दहा, शंभर. गोजरबाईनं भागूचा सदरा मागून धरला, म्हातारा कड्यावरून खाली जाऊ नये म्हणून. पोरंठोरं श्वास रोखून कडेशी वाकली. आणि खालच्या जाळीच्या बाजूनं, धुक्यातून, सावकाश, झोके घेत, तो वर आला. मासा! गळाला लागलेला, लखलखीत, समुद्रातला बांगडा!

"आला!" भागू गर्जला. "आला का न्हाई? चाखा आता, आत्ताचा हाय! समुद्रातला!"

हौशीराम पुढे सरकला. त्यानं मासा दोन बोटांत धरला आणि वाकवायला गेला. मासा वाकला नाही. लाकडासारखा कडक होता.

"भागूभाऊ," तो म्हणाला, "ह्यो तर सुका हाय!"

सगळं गाव भागूकडे बघू लागलं. मीही. खरं सांगतो, क्षणभर माझाही धीर सुटला.

पण भागूची नजर गावाकडे नव्हतीच. तो मागे उभ्या असलेल्या वैजयंतीकडे बघत होता, अगदी त्या जुन्या दिवसांसारखा, हातात मासा देऊन ती जेवते की नाही ते बघावं तसा. त्यानं घसा खाकरला.

"मंग? केवढ्या लांबून आला त्यो! वर येता येता उन्हानं वाळला!"

कुणी हसलं नाही. मग वैजयंती गर्दीतून पुढे आली. तिनं गळाचा बांगडा काढून घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर तेच हसू होतं, अलिबागच्या दुकानातलं. आणि इतकी वर्षं जी गोष्ट तिनं एकदाही तोंडातून काढली नव्हती, ती तिनं साऱ्या गावादेखत, कड्यावरून खाली कोकणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितली:

"आजा, ह्यो बी धोंडाबाईच्याच पाटीतला! मी सहावीत व्हते तवापासून वळखते!"